फिल्टरच्या दोन वायरी

ता. १२, गुरुवार

चि. धाकटीस,

ताईकडून आशीर्वाद. इकडे सगळे बरे आहेत. माझा गुडघा कुरकुरतो, पण प्रार्थनेला मांडी घालून बसता येतं, एवढं पुरे. कागद वहीच्या मागचा आहे, मागची आकडेमोड वाचत बसू नकोस.

दुकानांच्या पाट्या करणाऱ्या यांच्या मित्रांनी चार नव्या मशीनचं वायरिंग तुला द्यायचं ठरवलं होतं, ते रद्द केलं. तुझा कारखाना बंद पडल्यापासूनचं ते पहिलंच काम. फोनवर तू म्हणालीस, "ताई, माझं कुठे चुकलं ते तरी भावजींना विचार." मी म्हटलं, विचारते. विचारलं नाही. मला ठाऊक होतं.

जरा मागून सांगते. तू येण्याआधी यांचं ते लाकूड कोरायचं मशीन आमच्या फ्रिजशी वैर धरून होतं. फ्रिज सुरू झाला की मोटर बिचकायची आणि कोरलेलं अक्षर वाकडं. म्हणून मशीन लावताना हे हाक मारायचे, "अगं, फ्रिज बंद कर." मी करायची, आणि परत चालू करायला विसरू नये म्हणून काम संपेपर्यंत तिथेच स्टुलावर बसायची. असे तीन महिने. दोनदा दूध नासलं. मी कटकट करायची, पण खरं सांगू? ते स्टूल मला आवडायचं. सत्तावीस वर्षांत यांच्या कुठल्याही कामात माझ्यावाचून अडलं नव्हतं.

मग तू आलीस, विजेच्या पॅनेलच्या कारखान्यातली बारा वर्षं हातात घेऊन. मशीनचा वायरींचा डबा उघडलास, पॉवर सप्लायकडे पाहिलंस आणि म्हणालीस, "भावजी, याच्या आधी फिल्टर हवा. बाहेरची सगळी घाण सरळ आत येतेय." आठ दिवस तुम्ही दोघं त्या डब्यावर वाकलेले. हे विचारणार, "अर्थिंग इथे देऊ का, मॅडम?" तू म्हणणार, "आधी रंग खरवडा, साहेब. रंगावर दिलेलं अर्थिंग म्हणजे नुसती शोभा." आणि दोघं हसणार. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मी चहा ठेवून परतताना दाराशी थांबून शोधायची. सापडायचं नाही. मॅट्रिकला विज्ञानात मला तुझ्यापेक्षा जास्त मार्क होते, हे तुला आठवतं का? मला त्या आठ दिवसांत रोज आठवलं.

तुमच्यात वावगं काही होतं असं नाही. असतं तर भांडता तरी आलं असतं.

जायच्या दिवशी तू मला मुद्दाम बोलावलंस. "ताई, झाडपूस करताना एवढं सांभाळ. फिल्टरमध्ये जाणारी वायर आणि बाहेर पडणारी वायर लांब लांबच राहू देत. एकत्र आल्या की घाण फिल्टरला वळसा घालून पलीकडे जाते. गाळलेल्या चहात चोथा परत टाकल्यासारखं होतं ते." चहाचं उदाहरण माझ्यासाठी होतं. त्याआधीच मला कळलं होतं.

तू गेलीस आणि फ्रिज न् मशीन सुखाने नांदू लागले. हाक बंद झाली. मी स्टुलावर जाऊन बसले तर हे म्हणाले, "काही हवंय का?"

चौथ्या दिवशी हे बाहेर गेले असताना मी प्लग काढला, झाकण उघडलं आणि त्या दोन्ही वायरी पार्सलच्या जपून ठेवलेल्या दोऱ्याने एकत्र बांधल्या. तुझी वेणी घालायची तशा, घट्ट. संध्याकाळी फ्रिज सुरू झाला आणि अक्षर वाकलं. "अगं, फ्रिज बंद कर." मी धावत गेले. गुडघा आठवलासुद्धा नाही.

यांनी झाकण काढून पाहिलं. बांधाबांध तुझीच समजले; वायरी लांब ठेवायचं तू मलाच सांगितलं होतंस. "दिसायला नीटनेटकं आहे, पण तुझ्या बहिणीचं काम कच्चं निघालं," म्हणाले. मी बोलले नाही. तेच यांनी मित्रांना सांगितलं. पुढचं तू भोगलंस.

तेव्हापासून जपाला बसले की मणी पुढे सरकत नाही. देवाकडे काही मागायची लाज वाटते. तुझा फोन आल्यावर तर देवासमोर डोळे मिटवेनात.

आज सकाळी यांना सांगितलं. समोर डबा उघडला, कात्रीने दोरा कापला आणि सगळं सांगितलं. वाटलं, आता बोलतील. निदान दोन दिवस अबोला धरतील. तोही चालला असता. पण यांचा चेहरा उजळला. "म्हणजे तिचं काम बरोबर होतं तर," म्हणाले आणि तसेच फोनकडे गेले. मित्रांना तुझं कौतुक सांगताना आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता. मला एक शब्द नाही, रागाचासुद्धा नाही. मी कात्री हातात घेऊन उभी.

चारही मशीन तुझीच आहेत. मित्र शनिवारी फोन करतील. नाही म्हणू नकोस, माझ्यावरच्या रागापायी तर मुळीच नको.

माझं चुकलं. तुझ्या पोटावर पाय आणला, त्याची क्षमा मागते. पण कामासाठी येशील तेव्हा आमच्याकडे उतरू नकोस, त्यांच्या कारखान्याजवळ खोली बघ. यांनी आत्ताच विचारलंय, ती कधी येतेय म्हणून. दोनदा. मला पस्तावा झालाय गं, हेवा मात्र गेलेला नाही. तो गेला की मी स्वतः तुला न्यायला येईन.

तोवर तुझीच, पण दुरून,
ताई