पेडल दाबायला माणूस

४ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. विषय एकच: गाडीचे पॉवर ब्रेक. घरगुती भानगडी इथे लिहायच्या नाहीत.
माहितीसाठी एवढंच की, ही रविवारी बहिणीकडे राहायला गेली. कारण ब्रेक. उतारावर पेडल दगडासारखं कडक झालं. दोन्ही पायांनी दाबलं तेव्हा गाडी वाळूच्या ढिगात जाऊन थांबली. थांबली, हे महत्त्वाचं. मी फक्त एवढं म्हणालो की तू ऐन वेळी किंचाळलीस म्हणून माझं लक्ष उडालं. ती उतरली, अंगावरची वाळू झटकली आणि म्हणाली की यापुढे मी तुमच्या शेजारी बसणार नाही. मथितार्थ: ब्रेक नीट करा, मग बसते. हिचं बोलणं जसंच्या तसं घ्यायचं नसतं, हे मला एव्हाना कळतं.
फार तर पंधरवड्याचं काम.

६ फेब्रुवारी
बॉनेट उघडून अभ्यास केला. गाडी माझ्यापेक्षा थोडीच लहान, पण पत्रा बघा. इंजिनाशेजारी मोठ्या पातेल्याएवढा गोल डबा आहे. हा बूस्टर. इंजिन त्यातली हवा ओढतं आणि त्या ओढीवर पायाचा जोर कैक पटींनी वाढतो. आत रबरी पडदा असतो. तो फाटला की सगळा भार पायावर. आपला फाटलाय. दुरुस्तीचा किट मागवला.
गॅरेजमध्ये द्या, असं मेहुणी फोनवर म्हणाली. तिला म्हटलं, या गाडीला परक्या हाताची सवय नाही. ती म्हणाली, ताईलाही तुमच्याशिवाय राहायची नव्हती, भाऊजी, पण करतेय सवय. काय बोलते कळत नाही.

९ फेब्रुवारी
डबा डायनिंग टेबलावर उघडला. टेबल मोकळंच असतं हल्ली. आत स्प्रिंग असते हे माहीत होतं. किती जोराची असते हे नव्हतं. स्वयंपाकघरातल्या तीन बरण्या गेल्या. रिकाम्याच होत्या. एक साखरेची.
लेकीचा फोन. बाबा, जेवलात का? मी स्प्रिंगचं सांगितलं. म्हणाली, आईला एक फोन करा ना. करीन. अर्धवट काम सांगायला कशाला? सगळं झालं की एकदमच.

१५ फेब्रुवारी
नवा पडदा बसवला. किटबरोबर बोटाएवढी ग्रीसची ट्यूब दिली होती. निव्वळ चिकटपणा. मी घरातलं इंजिनाचं ग्रीस भरपूर चोपडलं. रबराचे लाड करावे लागतात.

२४ फेब्रुवारी
पडदा फुगला. भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा लिबलिबीत. स्पेअरपार्टवाल्याला फोनवर चांगला झापला. तो म्हणाला, ग्रीस कुठलं लावलं ते आधी सांगा. फोन ठेवला. मुद्दा रबराचा, हा ग्रीसवर घसरतो. लोकांना चूक कबूल करता येत नाही.
दुसरा किट मागवला. या वेळी ट्यूबमधलंच ग्रीस लावणार. प्रयोग म्हणून.

२ मार्च
दुसरा पडदा ठीक बसला, म्हणजे पहिला बोगसच होता.
ब्रेक फ्लुइडची बाटली टेबलावर कलंडली. पुसेपर्यंत पॉलिश निघून आलं. हे टेबल हिने दुकानं पालथी घालून निवडलं होतं. डागावर वर्तमानपत्र पसरलं. दिसत नाही.

६ मार्च
बूस्टर गाडीवर चढवला. आता ब्रेक फ्लुइडच्या पाइपांतली हवा काढायची. हवा राहिली तर पेडल उशीसारखं दबतं आणि गाडी थांबत नाही. या कामाला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं आणि दाबून धरायचं. दुसऱ्याने चाकाखाली आडवं होऊन छोटा स्क्रू सैल करायचा, बुडबुडे बाहेर जाऊ द्यायचे आणि स्क्रू बंद करायचा. मगच पेडल सोडायचं. आधी सोडलं तर हवा परत आत.
दाब. धर. सोड. तीन शब्द. लग्न झाल्यापासून ही पेडलवर आणि मी चाकाखाली. एकदाही हिला धड जमलं नाही. मी सोड म्हणायचो, ती सोडायची आणि हवा आत. मग मी ओरडायचो. मग ती डोळे पुसत पुन्हा दाबायची. इतक्या वर्षांत माणूस शिकत कसा नाही?

८ मार्च
वरच्या मजल्यावरच्या भूगोलाच्या मास्तरांना पेडलवर बसवलं. रिटायर्ड आहेत, वेळच वेळ. पहिल्या चाकाला हवा. पुन्हा हवा. मी जरा आवाज चढवला. ते शांतपणे विचारतात, तुम्ही सोड म्हणता तेव्हा खाली स्क्रू बंद झालेला असतो का हो? मी म्हटलं, मास्तर, मला शिकवू नका, पाय चालवा. त्यावर ते उतरले आणि चपला घातल्या. म्हणाले, वहिनी का गेल्या हा प्रश्न सगळी बिल्डिंग विचारतेय. मला आता पडत नाही. मला पडतो तो इतकी वर्षं टिकल्या कशा हा.
आणि जिना चढून गेले. भूगोलवाल्यांना यंत्रातलं काय कळतं.

११ मार्च
माणसांचा नाद सोडला. झाडूचा दांडा सीट आणि पेडलच्या मध्ये ठोकून बसवला. ओढून काढायला त्याला दोरी बांधली आणि दोरीचं टोक घेऊन चाकाखाली गेलो. दांडा बोलत नाही, रडत नाही, उलट प्रश्न करत नाही. आदर्श मदतनीस.
स्क्रू सैल केला. बुडबुडे. दोरी ओढली. स्क्रू बंद केला.
हवा.
पुन्हा. हवा. मग पोछ्याचा दांडा लावून बघितला. तेच. दोन्ही दांडे निकृष्ट.
जमिनीवर पडल्या पडल्या एक विचार येऊन गेला. लिहिण्याइतका महत्त्वाचा नाही.

१५ मार्च
लेकीचा फोन. आईने खोली घेतली आहे म्हणे. मी म्हटलं, बहिणीकडे अडचण होत असेल. ती म्हणाली, बाबा, आई शिवणकाम सुरू करतेय, ऑर्डरी पण आल्यात. रविवारी शिवणयंत्र न्यायला घरी येईल.
रविवारी येतेय! यंत्र हे निमित्त. मी ओळखत नाही का हिला? बरण्यांच्या जागी नव्या बरण्या आणल्या.

१९ मार्च, दुपार
ही आली. बारीक झालीय, पण ते तिला सांगितलं नाही. बरण्यांकडे बघितलं. टेबलावरचं वर्तमानपत्र एका कोपऱ्याने उचललं, खाली बघितलं आणि परत नीट पसरलं. यंत्राचे पाय सोडवायला लागली. मी म्हटलं, आलीच आहेस तर जरा पेडलवर बसतेस का? हात थांबले. मग म्हणाली, चला.
मी चाकाखाली. दाब म्हटलं, दाबलं. धर म्हटलं, धरलं. सोड म्हटलं. सोडेना. दोनदा ओरडलो. वरून आवाज आला, स्क्रू बंद केलात? मी हातातल्या पान्याकडे बघितलं. बंद केला. केला, म्हटलं. तेव्हा सोडलं.
प्रत्येक वेळी तेच. बंद केलात? केला. सोडते. चारही चाकं झाली. शेवटी एक बुडबुडा नाही. पेडल कसं टणक.
मी बाहेर येऊन म्हटलं, बघ, आज जमलं तुला! ती स्टिअरिंगकडे बघत होती. म्हणाली, पहिल्याच वर्षी विचारलं होतं, स्क्रू बंद केलात का. तुम्ही म्हणालात, मध्ये बोलू नकोस.
मला आठवत नाही.

१९ मार्च, संध्याकाळ
यंत्र जड, रिक्षात मावेना. म्हणाली, गाडीने सोडता का? सोडता का! आनंदाने सोडतो.
मी शेजारचं दार उघडून धरलं. ही मागे बसली. साहजिक आहे, यंत्र धरायला कोणीतरी हवंच.
त्याच उताराने नेली, मुद्दाम. पायाचा नुसता अंगठा टेकवला आणि गाडी लोण्यासारखी थांबली. आरशात बघितलं. ती खिडकीबाहेर बघत होती.
खोली लहान, पण उजेड चांगला. पाय परत जोडून यंत्र खिडकीशी ठेवलं. खुर्ची एकच. ती तिने यंत्रासमोर ओढली आणि बसली. मी उभ्या उभ्या सगळं समजावून सांगितलं: पडदा, स्प्रिंग, ग्रीस, आता वर्षानुवर्षं काळजी नाही, कुठेही जाता येईल आपल्याला. ती म्हणाली, ऐकतेय, आणि यंत्र सुरू केलं. त्या खडखडाटात माझं मलाच ऐकू येत नव्हतं. तरी पूर्ण सांगितलं. निघताना मान वर न करता म्हणाली, दार लोटून घ्या.
लोटलं.
घरी आलो. गेटात गाडी बरोबर खुणेवर थांबली, एका दाबात. इतके चांगले ब्रेक या गाडीला कधीच लागले नव्हते. कोणाला तरी सांगायला हवं म्हणून इथे लिहिलं.