राधाला सांगितलेले सिनेमे

५ फेब्रुवारी २००७, सोमवार

नको नको म्हणत होतो, तरी नेलंच हिनं! रेडिओवर ऐकलं म्हणे — शहरात राहणाऱ्या माणसांवरच्या धीट सिनेमांचा महोत्सव. आपल्या कर्वेनगरातल्याच कॉलेजात, आठवडाभर, ज्येष्ठांना फुकट. म्हटलं, "राधा, तुला दिसत नाही, मला सिनेमा आवडत नाही. कशाला जायचं?" तर म्हणे, "तुम्ही बघा आणि मला सांगा."

काचबिंदूनं तिची दृष्टी गेली त्याला तीन वर्षं झाली. नाही म्हणवेना.

कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनला काढली. तसंच सांगत गेलो — खोली एक. बाई एक. खिडकी बंद. तिनं कोपर मारलं. "अहो, पंचनामा नको. बाईचं तोंड कसं आहे?"

तोंड! मग पाहिलं. भिंतीएवढा चेहरा. कॉल सेंटरातली बाई, रात्रभर परक्या नावानं फोनवर बोललेली. सकाळी आरशासमोर उभी राहून स्वतःचं खरं नाव हळूच म्हणून बघते. 

पुढचे गृहस्थ मागे वळले. "अहो, सिनेमा आम्हालाही दिसतोय!"

राधा म्हणाली, "मला नाही दिसत."

पुन्हा वळले नाहीत.

६ फेब्रुवारी

आज मंडईचा सिनेमा. एक शब्द बोलत नाही कुणी. तीस वर्षं तिथून भाजी आणली, पण असं काही दिसलं नव्हतं! पहाटेचा उजेड वरून लिंबांच्या ढिगावर उतरतो, आणि एक म्हातारी कोथिंबिरीच्या जुड्या अशा लावते, जणू लेकराला निजवतेय. हे मी राधाला सांगितलं. "निजवतेय" हा शब्द माझ्या तोंडून कसा आला, कोण जाणे.  तिनं माझा हात घट्ट धरला.

कालचे गृहस्थ पुढेच होते. बद्रीनाथ नाव. जाताना म्हणाले, "आज मुद्दाम तुमच्या पुढे बसलो. तुम्ही सांगितलं तेव्हा कुठे ती म्हातारी दिसली मला."

७ फेब्रुवारी

पाय दुखतात. तरी जाऊन आलो. दोन सिनेमे! घसा बसला.

८ फेब्रुवारी, गुरुवार

आजचा सिनेमा हिनंच निवडला. "गुरुवारचा चुकवायचा नाही."

हडपसरच्या नव्या इमारतीतला फ्लॅट. एक मुलगी, एक मुलगा. दोघंही कॉम्प्युटरवाले. लग्न नाही. एकत्र राहतात.



"अहो, काय चाललंय?"

"जवळ आलेत."

"मग?"

"… मुका घेतला." एकसष्टाव्या वर्षी, भरल्या हॉलमध्ये!

"कुणी कुणाचा?"

"तिनं. त्याचा."

राधा हसली. पदर तोंडाला लावून हसली. मला हसू येत नव्हतं. आमची अक्षता अशीच हडपसरला राहते, त्या शौनकबरोबर. दोन वर्षं झाली. मीच म्हणालो होतो, या दारात पाऊल ठेवायचं नाही. बाबासाहेबांचं नाव घेऊन पोरीला शिकवलं, इंजिनिअर केली, ती स्वतःचं डोकं चालवायला लागली तर दार लावलं. आजवर हे असं लिहिलं नव्हतं.

सिनेमातली मुलगी घरी फोन करते. पलीकडून बाप फोन ठेवतो. आवाज नाही, नुसता खट्!

"रडतेय का?" राधानं विचारलं.

"नाही. कणीक मळायला घेतली."

"नीट बघून सांगा."

नीट बघितलं. हात कणकेनं भरलेले, म्हणून मनगटानं केस मागे सारते. मग तशाच हातानं पुन्हा नंबर लावते. मला बोलताच येईना.  अंधारात राधाचा हात चाचपडत माझ्या गालावर आला. ओला लागला असणार.

"राहू द्या," ती म्हणाली. "आता मी सांगते. दार वाजलं. तो आलाय. तिच्या हातातला फोन काढून बाजूला ठेवला. बरोबर?"

बरोबर होतं! डोळे नसताना!

९ फेब्रुवारी

महोत्सवाला गेलो नाही.  संध्याकाळी विचारलं, "ती सुखात असेल?"

"त्या पोरीचं विचारताय, की आपल्या?"

"आपल्या."

"स्वतः बघून सांगा," म्हणाली.

१० फेब्रुवारी, शनिवार

म्हटलं, "उद्या हडपसरला जाऊ या का?" वाटलं, रडेल, निदान दचकेल तरी. म्हणाली, "दहाला निघू. रविवारी ती उशिरा उठते."

११ फेब्रुवारी, रविवार

रिक्षातून उतरलो. इमारतीच्या दाराशी माझे पाय अडले. राधानं काठी उजव्या हातात घेतली, डाव्यानं माझा दंड धरला. "चला. लिफ्ट नेहमी बंदच असते. अकरा पायऱ्या, मग वळण. तिसऱ्या मजल्यावर कठडा मोडलाय, भिंतीच्या बाजूनं या."