आपल्या वस्तीची विहीर

वैशाख, १९५८

चि. अनसूयास बापाचा आशीर्वाद.

वस्तीत आपली विहीर झाली. उन्हाळ्यातही आटली नाही. तरी मी पहाटेच सगळ्या घागरी भरतो. पाटलाच्या विहिरीशी कोणी ओंजळीत ओतेल म्हणून ताटकळायचो, ती सवय जात नाही. तुझी आई म्हणते, "काऊन भरता एवढ्या? विहीर पळून चालली का?"

विहीर नव्हती तेव्हा तू माहेरपणाला आलीस, घागरभर पाण्याने केस धुतलेस, म्हणून मी तुला मारलं. तेव्हापासून तू माहेरी आली नाहीस.

काल मी पाच बादल्या अंगावर घेतल्या. आनंद झाला नाही, नुसती थंडी वाजली.

हे चौथं पत्र. आधीची तीन टाकली नाहीत, हेही टाकवणार नाही. पण पोरांना घेऊन ये. खुशाल पाणी सांडू दे त्यांना. मी तेवढा वेळ बाहेर जाऊन बसेन.

तुझा बाप,
डोमाजी