मेलेल्या माणसाने बोलायचं नाही

४ फेब्रुवारी

पोलिसांचा फोन आला — या, एक दार उघडायचंय. एकटे राहणारे गृहस्थ, हाका मारून उत्तर नाही. दाराला साधं लॅच, हा हा म्हणता उघडलं. आत काय असणार ते वासावरून आधीच कळलं होतं. हवालदार नाकाला रुमाल लावून म्हणाला, "काका, तुम्हाला सवय झाली असेल." झाली आहे. खोटं कशाला बोलू! जन्मभर अशी दारं उघडत आलो.

घरी आलो आणि स्वतःच्याच दारापुढे थबकलो. तीन कुलपं! तिन्ही माझ्या हातची. चोर सोडा, माझ्या धंद्यातला कोणी आला तरी घाम फुटेल त्याला. हे दार उघडू शकेल असा जगात एकच माणूस — मी. आणि मी तर आत पडलेला असणार!

आधी हसू आलं. मग आलं नाही.

५ फेब्रुवारी

जेवण गेलं नाही.

७ फेब्रुवारी

मरायला घाबरतो का मी? नाही बुवा. सत्तरी कधीच ओलांडली, पुष्कळ झालं. पण ही गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता. माझा कोणाच्या हातात असेल? भीती आहे ती एवढीच. लिहून टाकली, बरं वाटलं. आता त्यावर उपाय नाही. पण दाराला आहे, आणि उपाय काढणं हा तर माझा धंदा.

भाचा फोनवर म्हणतो, "मामा, सरळ एक साधं कुलूप लावा ना." साधं! माझ्या दाराला! लोक तोंडात शेण घालतील.

९ फेब्रुवारी

किल्ल्यांचा जुडगा घेऊन खालच्या मजल्यावर शिवणबाईंकडे गेलो. बाई कपडे शिवतात, एकट्याच असतात, आणि किल्ल्या घासायच्या माझ्या कानशीच्या आवाजावरून गेली कित्येक वर्षं माझ्याशी भांडतात. आडपडदा न ठेवता सांगितलं — "मी वर मेलो तर दार फोडू देऊ नका. किल्लीने उघडा."

बाईंनी तोंडातल्या टाचण्या काढल्या. "सकाळी सकाळी काय अभद्र बोलता!" मग जुडगा हातात घेऊन, "तीन कुलपं?"

"तीन."

"मेल्यावर तुम्हाला कोण चोरून नेणार आहे?"

पण किल्ल्या ठेवून घेतल्या.

१० फेब्रुवारी

तालीम! मी आत, बाई बाहेर. पहिलं कुलूप सरळ. दुसरं उलटं फिरतं. तिसऱ्याला दार आपल्याकडे ओढून किल्ली किंचित उचलावी लागते. बाई तिथे अडल्या. मी आतून ओरडलो, "ओढा! आपल्याकडे ओढा!"

बाहेरून उत्तर — "मेलेल्या माणसाने बोलायचं नाही!"

बाईंनी कुलपाला, मला आणि माझ्या धंद्याला मनसोक्त शिव्या घातल्या आणि जिना उतरून गेल्या.

१३ फेब्रुवारी

आज नाटक पुरं केलं. खाटेवर आडवा झालो, डोळे मिटले, हात छातीवर. बाहेर खुडबुड चालू. बाहेर माणूस, आत मी, आणि मधे माझीच कारागिरी! उठून उघडावं असं सारखं वाटत होतं. तेवढ्यात खट्!

"सापडलात!" म्हणत बाई आत. नजर फिरवून म्हणतात, "मेलेल्या माणसाच्या मानाने घर नीटनेटकं आहे." मी चहा केला. ठरलं असं — सकाळी माझी कानस ऐकू आली नाही तर बाई वर येणार. "भांडण मिटलं असं समजू नका हं. करकर ती करकरच!"

तिसऱ्या कुलपाची खोड काढून टाकू का? नको. खोड हीच त्याची अब्रू.

२० फेब्रुवारी

घासायला काही नव्हतं. तरी घासलं.

२ मार्च

कानस जरा जास्तच चालली असेल. खालून आवाज — "कळलं, कळलं! जिवंत आहात!" दिवस मजेत गेला. एक दुरुस्तीचं कामही आलं, तिजोरीचं. बोटं अजून शाबूत आहेत आपली!

९ मार्च

दवाखाना. डाव्या हाताने लिहितोय, अक्षर कोंबडीचे पाय.

काल सकाळी न्हाणीघरात घसरलो. पायाचं हाड गेलं. पडल्यावर आवाजच फुटेना. कानस चालली नाही, तशी बाई वर आल्या. पहिलं कुलूप. दुसरं. तिसरं अडलं. मी मनातल्या मनात ओरडतोय — ओढा, ओढा! माझी ती अब्रू खड्ड्यात जावो! मग खुडबुड थांबली. बाई दाराला तोंड लावून रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "अहो, आज बोललात तरी चालेल."

कसाबसा जमिनीवर हात आपटला. लगेच बाईंनी दार आपल्याकडे ओढलं, आणि खट्!

उजव्या हाताला काहीही झालेलं नाही. बाई खुर्चीत बसल्याबसल्या झोपल्यात, आणि झोपेतही तो सोडत नाहीत.