पोरीची नाळ

३ मार्च ८७
शाळेतून आले तर घरभर जळका वास. अख्खा नीरफणस चुलीत. काप नाही, मीठ नाही, तेल नाही, नुसता निखाऱ्यात ढकललेला. जमैकात असाच भाजतात म्हणे. म्हटलं, भाज बाई, माझं घरही भाज. हसली. कायम हसते, त्याचाच जास्त संताप येतो.

आठवा लागलाय तिला. माझ्या सुरेशने सून म्हणून आणून टाकली आणि आठव्या दिवशी बोटीवर परत. आता ऑगस्टशिवाय तोंड दाखवणार नाही. किंग्स्टनच्या इस्पितळात अपेंडिक्स काढायला गेला आणि नर्स घेऊन आला. ह्यांना जाऊन आठ वर्षं झाली, सुटले बिचारे.

फणस खाल्ला. वाईट नव्हता. तिला सांगितलं नाही.

११ मार्च
साखळीला बाजारात एक शिकलेला गृहस्थ मला म्हणतो, बाई, राजभाषा कोंकणी झाली, आता तुमची मराठी भायली. घाटापलीकडची. भायली! आजेसासूपासून ह्या घरात मराठी पोथ्या वाचल्या गेल्या, सव्वीस वर्षं मी सर्वणच्या पोरांना मराठी बाराखडी शिकवतेय, आणि हा मला बाहेर काढणार. चांगला फाडला त्याला. बस चुकली.

मासळीवाली वर विचारते, “तुमची खापरी कशी आसा?” खापरी, म्हणजे हबशीण! म्हटलं, आसा. घरी येईपर्यंत कान गरम होते.

ती मला मिस शारदा म्हणते. तिकडे वडीलधाऱ्या बाईमाणसाला असंच म्हणतात म्हणे. मी तिला नावाने हाक मारत नाही. इथेही लिहिणार नाही.

२० एप्रिल
डिचोलीच्या इस्पितळात सकाळी सुटली. मुलगी. नाक सुरेशचं, बाकी सगळं तिकडचं. केस आत्ताच कुरळे. नर्सबाई मला बाजूला घेऊन म्हणाली, रंग उजळेल हळूहळू. तू तुझं काम कर, म्हटलं.

२४ एप्रिल
घरी आणलं. उशाशी मी कोयती ठेवली, लोखंड हवं बाळंतिणीच्या खोलीत. तर तिथे आधीच उघडी कातर आणि बायबल. हे कशाला? तर मेलेल्यांची भुतं पोराला शिवू नयेत म्हणून. नऊ दिवस खोलीबाहेर पडायचं नाही हेही तिला ठाऊक. मी शिकवायला गेले होते, पंचाईत झाली.

पोरीच्या तळपायाला कपड्यांची नीळ लावून ठेवलीय. दृष्टीसाठी. मी गालावर काजळाचा ठिपका लावला. तिने पुसला नाही, मी नीळ पुसली नाही. पोर मात्र पोळ्याच्या बैलासारखी रंगली आहे.

२५ एप्रिल
आज तिने मागितलं. अर्धं इंग्रजी, अर्धी सुरेशने शिकवलेली कोंकणी. नाळ पडली की अंगणात पुरायची, वर झाड लावायचं. ते झाड पोरीचं. तिच्या आजीच्या परसात, डोंगरात, तिचं स्वतःचं असं नीरफणसाचं झाड आहे. सगळं गाव फळं खातं, पण झाड हिचंच म्हणतात.

तिच्या पणजीच्या पणजीला आफ्रिकेतून साखळ्या घालून आणलेलं. नाव मालकाचं, जमीन मालकाची, पोटची पोरंसुद्धा मालकाची. फणससुद्धा असाच जहाजातून आणला, ह्या गुलामांना स्वस्तात खायला घालायला. तेव्हा बायका नाळ पुरायच्या आणि म्हणायच्या, एवढी जागा माझ्या लेकराची. कोणी विचारलं तू कुठली, तर नाळ जिथे, तिथली.

ऐकून घेतलं. बघू म्हटलं.

म्हणजे पोर इथली होणार. कायमची. आणि आई तिच्या मागून.

२६ एप्रिल
अनंत भावोजी आले. ह्यांचे चुलत भाऊ, अंगण दोघांचं सामायिक. भिंतीला कान असतातच आमच्या. खुर्चीत न बसता म्हणाले, “वयनी, ह्या आंगणात त्या खापरीचें कांयच पुरचें न्हय. झाड लागलें की हक्क लागलो.” असं काही झालंच तर भावकी माझ्या दारात पाऊल ठेवणार नाही, देवकार्यात माझ्या घरचं जेवणाचं पान मांडणार नाही.

मला हे माणूस कधीच आवडलं नाही. पण मी मान डोलावली. माझंही मन तेच होतं, खोटं कशाला लिहू?

२८ एप्रिल
नाळ पडली. न्हाणीघरात, माझ्या पायांवर. मी पोरीला तेल चोळत होते, ती खोलीत. वाळून काळी झालेली, चिंचेच्या शिरेएवढी. पदराच्या गाठीला बांधली.

बाहेर येऊन सांगितलं, पाण्याबरोबर मोरीतून वाहून गेली. लक्षात येईपर्यंत गेली.

ती उठली, नऊ दिवस भरायच्या आधी, न विचारता उठली, आणि मोरीच्या तोंडाशी बसून हाताने गाळ उपसायला लागली. टाके ओले असताना. मी उठ म्हटलं, आत चल म्हटलं. ऐकेना. कोपरापर्यंत हात घाण.

टाकून द्यायची होती. दिली नाही. कुंकवाच्या जुन्या डबीत आहे, कपाटात. का ठेवली ते मला विचारू नये.

१२ मे
बारसं नाही. भावोजींकडचं कोणी आलं नसतं. मला शेजारपाजारचा नाक मुरडण्याचा सोहळा नको होता.

ती आता हसत नाही. बरं वाटायला हवं होतं.

मासळीवालीकडून तिने नीरफणसाच्या मुळाचा फुटवा मिळवला. कधी बोलल्या दोघी, देव जाणे. आज विहिरीच्या बाजूला लावला. नाळ नाही तर नाही, झाड तरी असू दे म्हणाली. मुळाशी पोरीचं न्हाणीचं पाणी घालते. मी अडवलं नाही. अडवायला तोंड कुठलं?

२९ मे
फुटवा उपटलेला. मुळं वर, पानं सुकलेली, वर पायाने चिरडलेला. कोणी केलं ते विचारायची गरज नव्हती, भावोजी दगडी गडग्यावर उभे राहून दात घासत होते.

ती बघत राहिली. पोर खांद्यावर.

३० मे
सकाळपासून रेडिओवर भाषणं. गोवा राज्य झालं. आपली माती, आपली माणसं.

मी भावोजींच्या दारात गेले. त्यांच्यासमोर पहिल्यांदा चढ्या आवाजात. झाड का उपटलं विचारलं. ते म्हणतात, “तुका सांगिल्लें न्हय? तें खापरीचें पोर आमच्या घराण्याचें न्हय.” मी म्हटलं, माझ्या सुरेशचं आहे ते. घराणं तुमचं आहे तेवढंच माझं, आणि तुमच्या देवकार्यातलं पान तुम्हालाच लखलाभ. आणखी बरंच बोलले. सगळा वाडा जमला.

परत आले. ती दारात. सगळं ऐकलं असणार. मला वाटलं, काही तरी बोलेल, बरं बोलेल. ती म्हणाली, “आज कशाला, मिस शारदा? त्या दिवशी मान हलवलीत, ती मी आतून बघितली.”

२ जून
सांगून टाकलं. डबी तिच्यासमोर ठेवली. मोरीचं खोटं होतं म्हटलं.

वाटलं होतं रडेल, मारेल, काही करेल. तिने डबी उघडून पाहिली, बंद केली. म्हणाली, मी त्या घाणीत हात घातला आणि तुम्ही पाठीमागे उभ्या होतात.

उभी होते.

डबी उचलून मी कपाटात परत ठेवली. तिने अडवलं नाही. नंतर लक्षात आलं, डबी न्यायला मला तिने सांगितलं नव्हतं, मीच नेली.

७ जून
तिच्या भावाने तिकीट पाठवलं. दाबोळीहून मुंबई, पुढे लंडन, मग किंग्स्टन. पोर तिच्या पासपोर्टावर चढवली आहे, हेही मला आज कळतंय. सुरेशला तार केली. समुद्रात कुठे असेल, मिळाली असेल का?

म्हटलं, पाऊसपाणी बघ, पोर कोवळी आहे, ऑगस्टपर्यंत थांब. म्हणाली, “तुमचा देश तुम्हाला लखलाभ.” हा शब्द माझ्याकडूनच उचललाय.

विहिरीकडची जागा मी काल स्वतः खणली. गुडघाभर. मासळीवालीला दुसऱ्या फुटव्याचं सांगितलंय. भावोजी बघत होते. बघू देत.

१० जून
मार्वाने बॅग भरली. उद्या सकाळची पणजीची बस.

फुटवा आला, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलाय. तिला दाखवला. तिने हातही लावला नाही. म्हणाली, नाळ द्या. माझ्या झाडाशेजारी पुरेन. माझी आजी विचारेल पोर कुठली, तर मला उत्तर हवं.

मी म्हटलं, ती इथलीसुद्धा आहे. ती म्हणाली, नाळ एकच असते, मिस शारदा.

बरोबर आहे. 

११ जून
पहाटे चहा केला. तिने घेतला, उभ्याउभ्या. बॅग दारात. बसला अजून पाऊण तास.

नाळेसाठी तिने हात पुढे केला.  डबी माझ्या ओच्यात होती, रात्रीपासून.

मी म्हटलं, मार्वा, पोरीला आधी न्हाऊ घालते. लांबचा प्रवास आहे.

तिने माझ्याकडे बघितलं. मग पोर माझ्याकडे दिली. पाणी तापतंय, तेवढ्यात हे लिहितेय. पोर मांडीवर आहे, डबी अजून ओच्यात.