दार बंद आढळले

निजामपुरा, भिवंडी
२७ एप्रिल

प्रिय रीमा,

फोनवर तू मला दोन वाक्यांच्या पुढे जाऊ देत नाहीस, म्हणून शेवटी कागद घेतला. कागदाला ‘आई, मीटिंगमध्ये आहे, नंतर बोलू’ असं म्हणता येत नाही. वाचता वाचता राग आला तर येऊ दे, पण शेवटपर्यंत वाच. मीही रागातच लिहितेय. दुपारची पंगत उठलीय, कारागीर ड्युटीवर गेलेत, समोरच्या कारखान्यातले लूम खडखडतायत आणि पंखा नुसता गरम हवा फिरवतोय. तुझ्या भाषेत सांगायचं तर सगळं नॉर्मल आहे.

जप्तीची गोष्ट तुला तुकड्या-तुकड्यांनी माहीत आहे, अख्खी माहीत नाही. घरपट्टी थकली होती हे मी कधीच नाकारलं नाही. बाबांचं डायलिसिस सुरू झाल्यापासून सारखं ठाण्याला जा-ये, औषधं, पथ्याचं वेगळं जेवण, आणि वर खाणावळीचा रगाडा. पट्टीचं बिल आलं की मी ते देवाच्या फळीवर ठेवून द्यायची, जणू देवच जाऊन भरणार होता. बाबा गेल्यावरही कितीतरी दिवस माझ्या हातून काही झालं नाही. तेव्हा चूक आपली. मार्चमध्ये वसुलीवाले दारात आले तेव्हा मी त्यांना हेच सांगितलं, की चूक आमची, आज भरते.

पण त्यांना ऐकायचंच नव्हतं. हे पालिकेच्या ऑफिसातले लोक नव्हेत, वसुलीचं काम घेतलेल्या एका एजन्सीची माणसं. आले ते नेमके पंगत बसलेली असताना. त्यांच्यातला सुपरवायझर म्हणवणारा चपला घालून आत शिरला आणि बोट दाखवत सुटला, हे उचला, ते उचला. तिन्ही मोठी पातेली, गॅसची भट्टी आणि बाबांनी हौसेने आणलेलं कणीक मळायचं मशीन. डाळ दुसऱ्या भांड्यात काढेपर्यंतही थांबायला तयार नव्हते. तेव्हा आपला नरसय्या ताट हातात घेऊन उभा राहिला. “खाना तो खाने दो भाई, चाची भाग के कहाँ जाएगी?” म्हणाला. सुपरवायझरने त्याला खाली बसवलं. ज्या माणसाने माझ्या हातचं वीस वर्षं खाल्लं, त्याला माझ्याच घरात एका परक्याने ‘बैठ’ म्हणून बसवलं, आणि मी हातात डाव घेऊन नुसती बघत राहिले. कॉलेजात तू मैत्रिणींना ‘आईचं केटरिंग आहे’ म्हणून सांगायचीस. कारागीर आपल्या खाणावळीला भिस्सी म्हणतात. नाव काहीही दे, पण त्या दिवशी तीसेक माणसं अर्ध्या पोटी कामावर गेली.

सामान न्यायला त्यांच्याकडे साधी गाडीही नव्हती. गल्लीच्या तोंडाशी विठू सुताची बाचकी उतरवत होता, त्याचीच हातगाडी दमदाटी करून घेतली. विठूने ती स्वतः ओढत नेली आणि त्याला चहासुद्धा मिळाला नाही.

त्याच दुपारी मी मनोजकाकांना बरोबर घेऊन ऑफिस गाठलं. थकलेली पट्टी व्याजासकट भरली. पावती घेतली. मला वाटलं, संपलं. खिडकीतला माणूस म्हणाला, सामान एजन्सीच्या गोदामातून सोडवून घ्या. गोदामात गेले तर तिथे आणखी एक बिल पुढे आलं, जप्तीचा खर्च. रीमा, तो खर्च मूळ पट्टीच्या जवळजवळ निम्मा होता. टेम्पोचं भाडं, चार हमालांची हमाली, गोदामाचं भाडं, वॉरंट फी आणि त्याआधी म्हणे आपल्या घरी दोनदा येऊन गेले, त्या दोन भेटींचा खर्च. टेम्पो! मी मोठ्याने हसले, मग माझं मलाच ओशाळल्यासारखं झालं. सुपरवायझर शांतपणे दात कोरत होता. “ताई, कशाला ताणता? भरा आणि न्या,” म्हणाला.

तेव्हापासून मी ताणतेय. ऑफिसात गेलं की म्हणतात, हे एजन्सीचं. एजन्सीत गेलं की म्हणतात, दर ऑफिसने ठरवलेत. अर्ज लिहून नेला तर आवकच्या टेबलावरची बाई रजेवर. ती आली तेव्हा अर्जाला पट्टीच्या पावतीची झेरॉक्स नव्हती. झेरॉक्स जोडली तेव्हा म्हणे वारसाचा कागद लावा, कारण घर अजून आजोबांच्या, सावळारामांच्या नावावर आहे. पट्टी घेताना वारस विचारला नाही, तक्रार घेताना मात्र विचारला. घरी येऊन मी भिंतीशी भांडायची. शेजारच्या मोहल्ल्यातून लग्नाच्या जेवणाची देग मागून आणली होती, तिच्यात डाळ शिजवत होते. इतकी मोठी देग की खालची डाळ लागायची आणि वरची कच्ची राहायची. कारागीर गुपचूप खायचे. त्यांचं ते गुपचूप खाणं मला जास्त लागायचं.

तू म्हणालीस, आई, पैसे मी देते, सोड. तुझा पगार चांगला आहे हे मला माहीत आहे, आणि पैसे काढायचेच म्हटले असते तर मनोजकाकांकडूनही मिळाले असते. पण त्या बिलामागे भेटींचा अहवाल जोडलेला होता. पहिली भेट, घरात कोणी नाही. दुसरी भेट, दार बंद आढळले, हाका मारूनही प्रतिसाद नाही. आणि त्यापुढे तारीख होती. बाबा गेले त्या दिवसाची. एकदा ऑफिसच्या खिडकीशी रांगेत उभी असताना मी ती तारीख पहिल्यांदा नीट वाचली. मागचे लोक पुढे सरका म्हणत होते, तरी मी ती पुन्हा वाचली.

हे मी तुला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. तू म्हणालीस, “भरून टाक आई. त्या तारखेत आता काय उरलंय?” आणि फोन ठेवलास.

मी काही भरलं नाही. महिनाभर चपला झिजवल्यावर सुनावणी मिळाली. कर विभागाच्या मॅडम नवीन आहेत, तुझ्याच वयाच्या असतील. मी कधी नव्हे ती इस्त्रीची साडी नेसून गेले होते, काय काय बोलायचं ते मनात घोकत. मॅडमनी कॉम्प्युटरवर पाहिलं आणि म्हणाल्या, “काकू, तुमची तर काहीच बाकी दिसत नाही. परवाच ऑनलाइन भरणा झालाय.” मला कळेचना. मग त्यांनी नाव वाचलं. रीमा अनंता. सुपरवायझर शेजारीच बसला होता. “लडकी समझदार है,” म्हणाला आणि उठून मोबाइलवर बोलायला बाहेर गेला.

तू चांगल्या मनाने भरलेस. आईची पायपीट थांबावी, पातेली परत यावीत, एवढंच तुझ्या मनात होतं, हे मला कळतं. पण त्या खुर्चीत मला तुझा इतका राग आला, की तू समोर असतीस तर काय बोलले असते कोण जाणे. तू मला विचारलंसुद्धा नाहीस. मी दिवसन् दिवस जे खोटं आहे म्हणून ओरडत होते, ते तू एका बोटाने मान्य करून टाकलंस.

मी उठले नाही. म्हटलं, मॅडम, पैसे गेले तर जाऊ देत. ती ओळ खोडा. त्या म्हणाल्या, कुठली ओळ? म्हटलं, दार बंद आढळले, ही. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे नीट पाहिलं. साक्षीला कोणी आहे का, विचारलं. मी म्हटलं, अख्खी गल्ली आहे. त्यांनी पुढच्या आठवड्यात या म्हणून सांगितलं.

मला वाटलं होतं दोघं-तिघं येतील. लूम सोडून यायचं म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडतो. पण नरसय्या सगळ्यांना घेऊन आला, डोक्या-भुवयांवर कापसाचे तंतू तसेच. ऑफिसातला शिपाई म्हणाला, एवढे लोक आत चालणार नाहीत, तर ते जिन्यावर ओळीने बसले. विठूला मॅडमनी विचारलं, सामान नेलं त्या टेम्पोचा नंबर आठवतो का? विठू म्हणाला, “मॅडम, तो टेम्पो म्हंजे मीच. हमाल पन मीच. आनि आजून मला कोनी दमडी दिली न्हाय.” मॅडमना हसू आवरेना. सुपरवायझर मात्र हसला नाही. कोणीतरी चुकून लिहिलं असेल, पोरांनी भरलं असेल, असं काहीबाही बोलायला लागला. मग मॅडम माझ्याकडे वळल्या. म्हणाल्या, काकू, त्या तारखेला घरी काय झालं ते तुमच्या तोंडून सांगा, आम्ही लिहून घेतो. आणि मी सांगितलं.

निकाल सांगते. दोन्ही भेटी, टेम्पो, हमाली आणि गोदामाचं भाडं, सगळं रद्द. फक्त वॉरंट फी राहिली, ती नियमाची आहे, ती मी मानते. भेटींच्या अहवालावर ‘खोटी नोंद’ असा शेरा मारून मॅडमनी सही केली. बाकीचे पैसे ज्या खात्यातून आले त्यात परत जातील, म्हणजे तुझ्या. सामानही मिळालं. एका पातेल्याला पोचा आलाय आणि बाबांचं मशीन सुरू होत नाही. त्याची भरपाई कोण देणार म्हणून विचारलं तर म्हणाले, त्यासाठी वेगळा अर्ज करा. करणार आहे. एजन्सीला काही झालं नाही. काल तोच सुपरवायझर पलीकडच्या गल्लीत दुसऱ्या कुणाच्या दारात उभा दिसला, तसाच दात कोरत. म्हणून म्हणते, जिंकले असं मला वाटत नाही. संताप अजून अंगात तसाच आहे, कामाला लागले तरी जात नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. परवा ऑफिसातून येताना रिक्षात एकदम लक्षात आलं, की बाबा गेले त्या दिवसाबद्दल मी मॅडमना सांगितलं, टाइप करणाऱ्या मुलीसाठी थांबत थांबत सांगितलं, त्या सुपरवायझरसमोर सांगितलं, आणि तुला अजून सांगितलेलं नाही. तू विमानतळावर उतरलीस तेव्हा मनोजकाकांचा मेसेज आला होता, ‘आटोपलं’. ते सगळे मेसेज असेच एका शब्दात पाठवतात. तेवढ्यावरून तू समजलीस की आम्ही तुझ्यासाठी थांबलो नाही. तू आलीस, भिंतीकडे तोंड करून बसलीस, तेराव्याला गेलीस, आणि त्यानंतर माझ्याशी कधी बाबांचं नाव काढलं नाहीस. मीही बोलले नाही, कारण आम्ही थांबलो होतो असं म्हटलं असतं, तर तू उशिरा आलीस असा त्याचा अर्थ झाला असता. तर आता ऐक. बाबा सकाळी चहा प्यायले आणि मग शांतपणे गेले. त्यानंतर मी कोणाला काही हलवू दिलं नाही. वाऱ्याने दार लोटलं जात होतं म्हणून दोन्ही फळ्या उघड्या राहतील असे पाटे लावून ठेवले आणि रस्ता दिसेल अशी बसले. गल्लीत रिक्षा थांबली की उठायची. तुझं विमान लांबलं, मग तुझा फोन लागेना. कारागीर पाळी सोडून ओट्यावर बसून होते, कोणी जेवलं नाही. गणेशपुरीहून आलेली आक्का, बाबांची सख्खी बहीण, तीही आधी माझ्याच बाजूने होती. पण दिवस कलला तसं तिने माझा हात धरला. म्हणाली, “पोरीची वाट बगितली गं बाय, मायंदाळ बगितली. आता दिस मावळाय आला, त्याला आनखी ताटकळत ठेवू नको.” तरी मी आणखी थोडं थांबवलं. मग मात्र माझं कोणी ऐकलं नाही आणि मी दारातून उठले. रीमा, माझ्यावर रागवायचं असेल तर त्या एका उठण्याबद्दल रागव. पण आई थांबली नाही, हे मनातून काढून टाक. तो सगळा दिवस आम्ही फक्त तुझी वाट पाहत होतो.

तुझीच,
आई