रिकाम्या ओळीवरचं नाव

बुधवार, ११ मार्च १९८७
सकाळचे पावणेसात. कॉफी स्टोव्हवर ठेवली आहे आणि ती उकळेपर्यंत लिहायला बसलो आहे.

प्रिय ऐला,

काल गावची वार्षिक सभा झाली. तू तुझ्याकडची खोली आणि एप्रिलपासूनची संध्याकाळची शाळा याबद्दल दोनदा विचारलंस, मी उत्तर दिलं नाही. आज देतो, पण आधी कालचं सांगितल्याशिवाय ते देता येणार नाही. तू अठराची व्हायच्या आतच घर सोडून डलूथ शहरात गेलीस, त्यामुळे इथं कधी मत दिलंच नाहीस. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. कंटाळू नकोस. मी स्वतःच इतका थकलो आहे की मध्येच काही सोडून दिलं तर पुन्हा लिहायचं बळ राहणार नाही.

आपल्या गावाचा, म्हणजे टाउनशिपचा, कारभार तीन पंच बघतात. मुदत तीन वर्षांची, आणि दर मार्चमध्ये तिघांपैकी एकाचीच संपते, म्हणजे सगळे एकदम नवखे कधी येत नाहीत. शिवाय एक चिटणीस आणि एक खजिनदार. रस्त्यावर खडी कधी टाकायची, बर्फ कुणाच्या वाटेवरचं आधी काढायचं, कुंपण कुणाच्या हद्दीत गेलं, हे पंच ठरवतात. त्यासाठी कर किती घ्यायचा ते मात्र सभेत सगळे हात वर करून ठरवतात. एवढंच आपलं सरकार. ते बसतं कुठं, तर तुझ्या पहिलीच्या शाळेत.

मी चिटणीस कसा झालो ते तुला अर्धवटच माहीत आहे. त्या वर्षी मी तापानं अंथरुणात होतो. आपल्याकडे आपणहून कुणी उभं राहत नाही. मग जो सभेला आला नाही त्याचं नाव लोक मतपत्रिकेच्या खालच्या रिकाम्या ओळीवर लिहितात. दुसऱ्या दिवशी सकाळी समोरचा सुलो दारात उभा. "बरं वाटतंय का आता? छान. चिटणीस झालास तू." अकरावीत शाळा सोडलेला चिटणीस! तेव्हापासून सभेचा वृत्तांत लिहायचा म्हटलं की शब्दकोश जवळ घेऊन बसतो, आणि तरी चूक राहिली असेल या धास्तीनं दुसऱ्या दिवशी पुन्हा वाचतो.

बाबांचं वेगळं. ते मी जन्माला यायच्या आधीपासून पंच आहेत आणि अध्यक्षही. त्यांच्यासमोर कधी कुणी उभं राहिलं नाही. आणि बाबा स्वतःला कधी मत देत नाहीत. छापलेलं नाव आपलं असेल तर त्यावर फुली मारायची नाही, खालच्या ओळीवर शेजाऱ्याचं नाव लिहायचं, ही इथली जुनी रीत. बाबा दर खेपेला सुलोचं नाव लिहायचे. मोजणीत "सुलो हार्यू, एक" असं वाचलं की सगळी सभा हसायची, आणि सुलो ओरडायचा, "असाच नेटानं मत देत राहा वाइनो, शंभर वर्षांत निवडून येतो की नाही बघ!"

आता जे फोनवर तुला कळत नाही ते लिहितो. फोनवर बाबा पहिल्यापासूनच दोन वाक्यं बोलून ठेवून देतात, त्यामुळे तुला फरक जाणवणार कसा? ऑक्टोबरात त्यांनी गुरुवारी शनिवार समजून आठवड्याच्या वाफेच्या अंघोळीची सौना तापवली आणि मी आलो नाही म्हणून रागावले. मी जाऊन बसलो. नाताळात आई अजून असल्यासारखी तिच्या कपात कॉफी ओतून ठेवली. जानेवारीत याच टेबलावर पुन्हा उभं राहायला उमेदवारी अर्जाचे दोन डॉलर माझ्यासमोर ठेवले. चिटणीस म्हणून मी ते घेतले, पावती दिली. मुलगा म्हणून जे बोलायचं होतं ते बोललो नाही.

मग फेब्रुवारीतलं वादळ आलं. अशा वेळी अध्यक्षानं बर्फाचा ट्रक चालवणाऱ्या रूडीला फोन करून सांगायचं असतं, ट्रक आधी कुठं फिरव. बाबांनी त्याला आपल्या रस्त्यावर दोनदा पाठवलं आणि नीएमींच्या रस्त्यावर पाठवलंच नाही. त्याच दुपारी ऑस्कर नीएमीच्या छातीत कळ आली. रुग्णवाहिका वळणापाशी अडकून पडली. त्याच्या बायकोनं, लेम्पीनं, आणि सुलोनं त्याला लाकडं ओढायच्या घसरगाडीवर घालून तिथवर ओढत नेलं. वाचला तो. पुढच्या आठवड्यात लेम्पी वेलदोड्याचा पाव घेऊन आपल्याकडे आली आणि बाबांना म्हणाली, "रस्ता काय, बंद होतोच कधीकधी." कुणी दारात येऊन चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, ऐला. सगळ्यांनी पाव दिला.

त्यानंतर मी दुकानात शिरलो की बायका बोलायच्या थांबत. मला वाटलं, फेब्रुवारीच्या वृत्तांतात काहीतरी चुकलं. तीनदा काढून वाचला. चूक सापडली नाही.

काल मतदानाला एकोणचाळीस जण आले. मतपत्रिकेवर एकच छापलेलं नाव, वाइनो सालो, आणि खाली ती ओळ. मी पडद्याआड पेन्सिल धरून बराच वेळ उभा होतो. नीएमींचा रस्ता डोळ्यांसमोर होता. तरी फुली मारली ती बाबांच्या नावापुढे. मग मोजणी सुरू झाली. लेम्पी एकेक कागद उघडून वाचत होती, मी रेघा ओढत होतो. "वाइनो सालो. वाइनो सालो. ओनी सालो." मला वाटलं कुणीतरी गंमत केली. मग पुन्हा ओनी सालो. मग सलग तीनदा. मी पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणालो, मी उमेदवार नाही, काहीतरी चुकतंय. लेम्पी चष्म्यावरून बघत म्हणाली, "तू चिटणीस आहेस ना? मग ऐकू येतंय ते लिही." मी लिहिलं. बाबांना एकोणीस, मला वीस.

मग बाबा उठले, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "बरं झालं. खुर्ची घरातल्या घरातच राहिली." सुलो मागून ओरडला, "काय रे ओनी, या खेपेला सभेला आलास तरी सुटला नाहीस!" सगळे हसले. ऑस्कर मागच्या बाकावर घोंगडी पांघरून बसला होता, तो हसला नाही. तो सावकाश उठला आणि बाबांसाठी कॉफी ओतून घेऊन आला. पुढे कराचा ठराव झाला, हात वर झाले, मी मोजले. नंतर भांडी विसळताना लेम्पी मला हळूच म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं नाव लिहिलं असतं तर वाइनोला लागलं असतं. आणि तू काय, इथंच आहेस." मी डलूथला जायचं ठरवलंय हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही. गावाला तरी दोष कसा देऊ?

घरी येताना ट्रकमध्ये बाबा आपणहून बोलले. "मी स्वतःला मत देत नाही, ठाऊक आहे ना तुला? उभा राहिलो तिथं. त्याचं नाव येईना. समोरचा रे, लाल ट्रकवाला." मी म्हणालो, सुलो. "हां, सुलो. येईचना. मागे माणसं खोळंबली होती. मग तुझं लिहिलं. तुझं येत होतं." त्यांना सुलोचं नाव आठवलं असतं तर एकोणीस-एकोणीस झालं असतं. बरोबरी झाली की टोपीत चिठ्ठ्या टाकून एक काढतात, आणि चिठ्ठ्या लिहायचं काम चिटणीसाचं. तेवढ्यातून मी वाचलो. बाबा खरंच विसरले, की त्यांना सगळं समजलं होतं म्हणून मुद्दाम माझं नाव लिहिलं आणि लाज राखायला हे विसरण्याचं निमित्त केलं, हे मला सांगता येत नाही. मी विचारणार नाही. ईस्टरला आलीस तर तूही विचारू नकोस.

पंच झाल्यावर चिटणीसपद सोडावं लागतं. सुलोचा जावई काल फ्लूनं घरी होता, त्यामुळे तेही ठरल्यासारखंच आहे. त्याला साधं स्पेलिंग येत नाही.

आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर. शपथ घ्यायला दहा दिवस असतात. मी घेतली नाही तर उरलेल्या पंचांनी ती जागा नेमणूक करून भरायची, आणि ते कुणाला बोलावतील हे तुला सांगायला नको. त्यांच्या तोंडून वाइनोशिवाय दुसरं नाव निघणारच नाही. पहाटेपासून पुन्हा बर्फ पडतंय. मघाशी बाबा टोपी घालून स्वयंपाकघरात आले आणि त्यांनी विचारलं, "नीएमींकडे गाडी गेली का रे?" मी म्हणालो, बघतो. रूडीला फोन केला. गेली होती. त्यांनी मान हलवली, टोपी काढली आणि परत जाऊन झोपले. शुक्रवारी शपथ घेतो आहे. मुदत तीन वर्षांची आहे, तेव्हा खोली दुसऱ्या कुणाला दे, माझ्यासाठी अडवून ठेवू नकोस. तू पाठवलेल्या ऐंशी डॉलरांपैकी पाच शाळेच्या अर्जाला गेले, ते परत मिळत नाहीत. बसचं तिकीट काढलं नव्हतं. पंचाहत्तर सोबत ठेवले आहेत. पाच मी तुला देणं लागतो.

तुझा भाऊ,
ओनी